क्रियापदात उरलेल्या मेंढ्या

हर्षदा शिक्रापूरच्या एका कारखान्यात यंत्रांची तपासणी करायची. कंपनी इटलीची. तिकडं ट्रेनिंगला जायचं, तर आधी भाषेची परीक्षा. म्हणून शिफ्टवरून आली की ती खोलीवर मोबाईल उघडून पुण्याच्या सायली मॅडमचा ऑनलाइन तास करायची.

भूतकाळापाशी गाडी अडली. ‘विकलं’ म्हणजे ‘वेन्दुतो’. पण तेच कधी वेन्दुता होई, कधी वेन्दुती, कधी वेन्दुते. मॅडमनी समजावलं, वस्तूचं नाव मागून आलं तर वेन्दुतो तसंच राहतं. पण नावाऐवजी ‘तो, ती, त्या’ असं सर्वनाम आधी आलं, की क्रियापद त्याचं लिंग-वचन घेतं.

"मराठीत आपण असंच बोलतो की. घरातलं एखादं वाक्य घे," त्या म्हणाल्या.

हर्षदाला पाटसजवळच्या घरातली एक संध्याकाळ आठवली. तेव्हा ती पाचवीत होती. त्याआधी दरवर्षी दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून, मेंढ्या हाकत घरचे सगळे कोकणात उतरायचे. ती कोकरांसोबत घोड्यावर. त्या दिवशी शाळेतून आली, तर मेंढ्या कोंडायची जाळीची वाघर रिकामी. दाराशी आप्पा, तिचे वडील गेणबा, बसलेले. मेंढ्या कुठं गेल्या, तिनं विचारलं.

"इकल्या," एवढंच ते म्हणाले. पुन्हा घरात कुणी तो विषय काढला नाही.

तिनं लिहिलं, ‘ले ओ वेन्दुते’. मी त्या विकल्या. मेंढीचं नावही नाही, पण शेवटच्या एका मात्रेत अख्खा कळप उभा होता. "बरोबर," मॅडम म्हणाल्या. हर्षदाला मात्र पुढचं काही ऐकू आलं नाही.

रविवारी घरी जाऊन तिनं आप्पांना वाक्य ऐकवलं, अर्थही सांगितला. आप्पा म्हणाले, त्या दिवशी टेम्पोत चढताना काळतोंडी मेंढी मागं फिरली होती. शेवटी त्यांनीच तिला उचलून आत ठेवलं.

"तुझी शाळा बुडत व्हती, म्हून इकल्या. पर काळतोंडी माझ्याकडंच बघत व्हती."

मग एकेक मेंढी आठवत गेली. हर्षदाची आई म्हाळसा भाकरी थापता थापता आतून नावं सांगत राहिली.

हर्षदा परीक्षा पास झाली. इटलीतून तिनं डोंगरउतारावर चरणाऱ्या मेंढ्यांचा फोटो पाठवला. आप्पांचा लगेच फोन आला. लोकर कातरायला आलीय, म्हणाले, सांग तिथल्या मेंढपाळांना.