मंगळवारचा नळवाला

बायको जाऊन आठ महिने झाले. तरी मंगळवार उजाडला की माझे पाय केंद्राकडे वळतात. जाऊन बसतो. कुणी हाकलत नाही.

केंद्र म्हणजे वाचनालयाच्या वरचा लांबलचक हॉल. विसरत चाललेल्या माणसांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांसाठी. खिडक्यांचे पिवळे पडदे सारखे हलायचे, त्यामुळे सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी वाटायची. किती वाजले ते कुणी बघायचं नाही. एक निवृत्त मास्तर मधूनमधून हजेरी घ्यायचे आणि आम्ही सगळे "हजर" म्हणायचो. सांभाळणारेसुद्धा.

केंद्र चालवणाऱ्या ताईंचा नियम एकच. "चूक काढायची नाही. 'ओळखलंस का?' हे तर विचारायचंच नाही. ते जिथे असतील तिथे आपण जायचं."

मला ते पटायचं नाही. एकेचाळीस वर्षं संसार केलेला. डॉक्टर म्हणाले होते, हिचं बोलणं हळूहळू जाणार. त्याआधी एकदा तिनं मला ओळखावं, एवढंच मला हवं होतं.

ती मला नळवाला समजायची. मी सुतार माणूस, नळातलं मला काय कळतंय? पण पहिल्याच मंगळवारी ती कडाडली, "आज उजाडलं होय? तीन दिवस नळ गळतोय!"

मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी गुपचूप कोपऱ्यातल्या बेसिनकडे बोट दाखवलं.

पुढच्या खेपेपासून मी पाना घेऊन जाऊ लागलो. न गळणारा नळ खोलायचा आणि परत बसवायचा. ती खुर्ची ओढून शेजारी बसायची, कारण नळवाल्यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

"घट्ट करा. मागच्यासारखं नको."

"करतो, बाई."

"आमचे हे घरी असते तर तुम्हाला बोलावलंच नसतं."

"कसे आहेत तुमचे हे?"

"घुमे. दिवसभर लाकडाशी बोलतील, माझ्याशी नाही. पण घरात शिरताना आधी बाहेर खोकतात. मी दचकू नये म्हणून." आणि ती पडद्याकडे बघून हसायची.

हे तिला कधी कळलं असेल असं मला वाटलंच नव्हतं. ज्याच्याबद्दल ती बोलायची त्या माणसाचा मला हेवा वाटायचा.

एका मंगळवारी माझा धीर सुटला. पाना खाली ठेवला आणि तिचे हात धरले. "अगं, नीट बघ. मी नळवाला नाही. मीच तो, तुझा नवरा."

ती बघत राहिली. मग तिनं हात सोडवून घेतले. "हे कुठे गेले? ह्यांना काय झालं?" ती दाराकडे धावली. मास्तरांची हजेरी मध्येच थांबली.

ताई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "काका, तुम्ही खरं तेच बोललात. पण काकूंना ते त्यांचा नवरा गेल्यासारखं ऐकू आलं."

तीन मंगळवार ती माझ्याजवळ फिरकली नाही. तेवढ्या दिवसांत तिचे बरेच शब्दही गेले. कप, दार, उद्या. मी मात्र पाना घेऊन जायचो आणि बेसिनपाशी बसायचो.

चौथ्या मंगळवारी मागे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. तिच्या हातात ताटली होती, ताटलीत अर्धा खाल्लेला पाव.

"गळतोय?"

"थोडा."

पडद्यातला उजेड तिच्या तोंडावरून सरकत होता. ती बोलली, एकेक शब्द लांबून आणल्यासारखा. "आमचे हे येतील. त्यांना सांगाल?"

"सांगतो ना."

"म्हणावं, मी जेवले. माझ्यासाठी थांबू नका. ते थांबतात... उपाशी."

"सांगतो."

"विसराल तुम्ही."

"नाही विसरणार, बाई."

नळवाल्याच्या शब्दावर किती भरवसा ठेवावा, याचा तिनं थोडा विचार केला. मग ताटली माझ्याकडे सरकवली. "घ्या. दमला असाल."

ओल्या हातांनी मी तिथेच तो पाव खाल्ला. संपेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती.