शिरीषाची एकच फांदी

"त्या झाडाला करवत लावलीस तर माझ्याशी गाठ आहे, सांगून ठेवतो!"

मास्तर फाटकात आडवे उभे. शिडी खांद्यावर घेऊन आलेली वायरमनताई नुसती हसली. खांबावर चढणारी बाई म्हणून सगळी गल्ली तिला 'वायरमनताई'च म्हणायची.

"सर, उद्या दुपारी वादळ आहे. फांदी तारेवर आदळली की सगळ्यांची लाईट गेलीच म्हणून समजा."

"गेल्या वर्षीही तुम्ही लोकांनी हेच सांगितलंत. शिरीषाचा शेंडा सपाट छाटून टाकलात! टक्कल केलंत त्याचं!"

ताईने वर पाहिलं. छाटलेल्या जागेतून केरसुणीसारखे कोंब फुटले होते आणि थेट तारेला जाऊन भिडले होते.

"चूक आमचीच," ती म्हणाली.

मास्तरांची भांडायची एवढी जय्यत तयारी, सगळी फुकट!

"साहेब म्हणतात, बुंध्यापासून पाडा. मी हट्टाला पेटलेय की एकाच फांदीत काम होईल. पण उद्या तार तुटली ना सर, तर हे झाड पाडायला मलाच यावं लागेल."

मास्तर झाडाकडे बघत हळूच बाजूला सरकले. "पडू नकोस म्हणजे झालं."

लाईन बंद करून ती वर चढली. तारेला भिडलेल्या फांदीतून मास्तरांच्या बागेकडे झुकलेला फाटा जिथे फुटला होता, नेमकी त्याच्या वर, फाटा राखून, तिने करवत टेकवली. आधी खालून चीर, मग वरून, म्हणजे साल सोलवटत नाही. आता झाडाचा सगळा जोर बागेकडे वळणार होता. कोंबांसकट फांदी दोराने अलगद खाली आली.

दुसऱ्या दिवशी वादळाने गावाला झोडपून काढलं. ऑफिसातला फोन दम घेईना. बाजारात खांब वाकला, शाळेमागे तार तुटली. प्रत्येक फोनला ताई आधी गल्लीचं नाव विचारायची. मास्तरांच्या गल्लीचा मात्र एकही आला नाही.

पाऊस ओसरल्यावर बाजाराकडे जाताना तिने जीप मुद्दाम त्या गल्लीतून घ्यायला लावली. शिरीष ओलाचिंब, सगळा बागेकडे कललेला. वरची तार मोकळी. खिडकीत पंखा गरगरत होता, आणि त्याखाली मास्तर तोंड उघडं टाकून ढाराढूर झोपले होते.

"हाक मारू का?" ड्रायव्हरने विचारलं.

"छे! झोपू दे रे," ताई म्हणाली आणि तिने हेल्मेट डोक्यावर चढवलं. "चल, बाजाराचा खांब बघू."