अर्धं होईस्तोवर

“कडी लावू नका, सिस्टर. तोडतील. उगाच दाराचं नुकसान.”

मावशी दवाखान्यातल्या तपासणीच्या बाकावर बसली होती. पाय अनवाणी, हातांना कोपरापर्यंत तेल. कुणाच्या तरी बाळाला मालीश करता करता उठून ती तशीच पळत आली होती. सिस्टरनं कडी लावली, बाळांचं वजन करायचं टेबल ओढून दाराला टेकवलं आणि ती खुर्चीत बसली. तेवढ्यानंही तिच्या सुजलेल्या पोटऱ्या ठणकायला लागल्या.

बाहेर माणसं जमत होती. ‘चेटकीण’ हा शब्द आधी एकीच्याच तोंडी होता. आता तो सगळ्यांचा झाला होता.

मागच्या महिन्यात शिंप्याच्या घरातलं तान्हं मूल निळं पडून गेलं. ओठ निळे, नखं निळी. ताप नाही, खोकला नाही. काल पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या पंपवाल्याच्या धाकट्या भावाचं बाळ तसंच निळं झालं, तेव्हा त्याला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. दोन्ही बाळांना अंघोळ घालायला मावशीच जायची. तशी ती गावातल्या बहुतेक सगळ्याच बाळांकडे जायची, पण ते आत्ता कुणालाच आठवायचं नव्हतं.

“मावशी, मालीश करताना तुम्ही काय पुटपुटता? तेच धरून बसलेत सगळे.”

“मोजते.”

“काय मोजता?”

“हात किती फिरवले ते. एका पायाला जास्त झाले तर दुसरा रुसतो. मनात मोजलं की चुकते, म्हणून तोंडानं.” मावशीनं तेलकट हात लुगड्याला पुसले. “आता आकडे म्हणणं पण जादूटोण्यात धरत असतील, तर शाळेतल्या मास्तरला आधी धरा म्हणावं.”

सिस्टरला हसू आलं, पण ते चेहऱ्यापर्यंत पोचलं नाही.

फोन वाजला. पोलिसांची जीप निघालीय एवढंच मघाशी कळलं होतं, म्हणून तिनं घाईनं उचलला. हॉस्पिटलातली तरुण डॉक्टर होती.

“सिस्टर, बाळ वाचलं. रक्त काढलं तर चॉकलेटी निघालं, तेव्हा लक्षात आलं. शिरेतून औषध दिलं आणि बघता बघता गुलाबी झालं. पाण्यात नायट्रेट असणार, खताचं. त्यानं रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद जाते. मोठ्यांना सोसतं, तान्ह्यांना नाही. पावडरचं दूध चालू होतं ना? पाणी कुठलं?”

“विहिरीचं. पण उकळून देतात. चांगलं उकळून.”

“किती उकळून?”

“अर्धं होईस्तोवर,” सिस्टर म्हणाली. फोन ठेवल्यावरही तिचा हात त्याच्यावरच राहिला.

गेल्या उन्हाळ्यात जुलाबाची साथ आली होती. तेव्हा तिनंच बायकांना पायरीवर बसवून म्हणून घेतलं होतं: पाणी उकळायचं, अर्धं होईस्तोवर उकळायचं. नुसतं ‘उकळा’ म्हटलं की बायका पाणी कोमट करून उतरवतात, म्हणून ते ‘अर्धं’. का, ते सांगायला वेळ नव्हता. पाठ झालेलं टिकतं, असा तिचा अनुभव होता.

उकळण्यानं जंतू मरतात. खत मरत नाही. पाणी वाफ होऊन निघून जातं आणि खत मागे राहतं. पाणी अर्धं, विष दुप्पट. ज्या घरांनी तिचं सगळ्यांत मन लावून ऐकलं, त्याच घरांत बाळं निळी पडली. शिंप्याच्या सुनेनं तर अर्ध्यावर खिळ्यानं खूण केलेलं पातेलं आणून दाखवलं होतं, आणि सिस्टरनं चारचौघींत तिचं कौतुक केलं होतं.

खिडकीची काच फुटली. दगड औषधांच्या कपाटापाशी येऊन थांबला.

“मी जाते बाहेर,” मावशी म्हणाली. “मलाच मागतायत ना.”

“बसा तुम्ही.”

जीप येईपर्यंत गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. पण जीप परत गेल्यावर मावशीला याच गावात, स्वतःच्या घरी झोपायचं होतं. सिस्टरनं टेबल सरकवलं आणि कडी काढली.

पंपवाला पुढेच होता. हातात पाइपाचा पाना. त्याला पहिली लस तिनंच टोचली होती.

“सिस्टर, बाजूला व्हा. तुमच्याशी आमचं काही नाही.”

“बाळ वाचलं रे.”

“माहितीय. भावाचा फोन आला. इथनं लांब नेलं म्हणून वाचलं. हिचा हात तिथवर पोचला नाही.”

त्यानं पाहिलेलं चुकीचं नव्हतं. फक्त त्याचा अर्थ चुकला होता.

“बरोबर आहे तुझं. लांब नेलं म्हणूनच. तिथं या विहिरीचं पाणी नव्हतं. खताचं गोदाम विहिरीच्या वरच्या अंगाला आहे. खत झिरपतंय खाली.”

“उकळलेल्या पाण्यात कसलं खत?”

“मीठ घातलेलं पाणी आटवून चाखून बघ. खारटपणा कमी होतो का?”

मागून कुणीतरी ओरडलं, “म्हातारीला वाचवायला बोलतेय ती! चला रे आत!”

गर्दी एक पाऊल पुढे आली. तेवढ्यात शिंप्याची सून बाजूनं वाट काढत पायरीपाशी आली. तिच्या हातात काही नव्हतं.

“अर्धं होईस्तोवर, असं तुम्हीच सांगितलं होतं.”

“हो. मीच.”

“मी पातेल्याला खूण केली होती.”

“माहीत आहे.”

“एक दिवस चुकवलं नाही, सिस्टर. सासूबाई म्हणायच्या, किती गॅस जाळतेस. तरी नाही चुकवलं.”

“माहीत आहे, पोरी. तुझं काही चुकलं नाही. मावशीचं नाही. माझं चुकलं. पाणी तपासून घ्यायला हवं होतं, नाही घेतलं. कुणाला काय करायचंय ते मला करा.”

सगळे चेटकिणीला मारायला आले होते. चुकलेल्या माणसाचं काय करायचं, ते कुणाला ठाऊक नव्हतं. पंपवाल्यानं पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि मग खाली केला. कुणाला उघडं टाकलेलं दुकान आठवलं, कुणाला शाळा सुटायची वेळ. जीप आली तेव्हा पायरीवर दोघीच होत्या. सून रडत होती. सिस्टर तिच्या शेजारी बसली होती, पण तिच्या पाठीवर हात ठेवायचा धीर तिला झाला नाही.

विहीर बंद झाली. टँकर येऊ लागला. वरून सिस्टरची चौकशी लागली, ती अजून चालूच आहे. बायका पुन्हा पायरीवर जमतात. आता ती म्हणून घेत नाही, कारण सांगते. पंपवाल्याच्या बायकोनं मिठाचं पाणी खरंच आटवून पाहिलं, आणि तेव्हापासून प्रत्येक गोष्टीला ‘का?’ विचारते. सिस्टरला घरी जायला उशीर होतो. शिंप्याची सून मागे बसते. विचारत काही नाही, पण येते.

मावशीची माफी कुणी मागितली नाही. तिला कुणी बोलावतही नाही. बाळांना आता घरच्याच बायका अंघोळ घालतात. तरी सकाळची वेळ झाली की ती तेलाची बाटली घेऊन दवाखान्यात येऊन बसते. घरी बसून हात आखडतात म्हणते.

एका सकाळी पेशंट आटोपल्यावर सिस्टरनं तिच्यासमोर स्टूल ओढलं आणि साडी घोट्यापासून जरा वर घेतली.

“बघा हो जरा. उभं राहवत नाही.”

मावशीनं तळहातावर तेल घेतलं. हात आधी बिचकले, मग त्यांना त्यांचं काम सापडलं. पोटरीवरून खाली, पुन्हा वर. खोलीत तेवढाच आवाज होता. थोड्या वेळानं मावशी थांबली, दुसऱ्या पायाकडे पाहिलं आणि गोंधळून पुन्हा पहिल्याच पायाकडे वळली. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

“मोजा की, मावशी.”

मावशीनं दाराकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं. ती उठली, तेलकट हातानंच कडी लावली, परत येऊन बसली.

“एक,” ती अगदी हळू म्हणाली. “दोन.”