तिकिटाचा रंग

"एक विनंती," चिटणीस दारातच म्हणाले. "गुडघा वाकवा, कोन मोजा, निघा. गुरुजींशी फालतू गप्पा नकोत. ते त्या पातळीवर नाहीत."

तेवढ्यात आतून आवाज आला, "बाई, लिफ्ट चालू आहे का हो? काल अडकली होती म्हणे."

चिटणिसांनी क्षणभर डोळे मिटले. मग वही उघडून लिहिलं : ‘लिफ्टविषयी पृच्छा. गूढार्थ नंतर पाहणे.’

बाईंचं काम घरोघर जाऊन ऑपरेशन झालेले गुडघे वाकवून देण्याचं. बावीस वर्षांत इतके वाकवले की लोक त्यांना गुडघेबाईच म्हणू लागले, आणि त्याही हाकेला ओ देऊ लागल्या. कामाची रीत एकच. पेशंटला बोलण्यात गुंतवायचं आणि तो आपल्या जावयाला नावं ठेवण्यात रंगला की हळूच पाच अंश पुढे सरकायचं.

गुरुजींची ख्याती मोठी होती. त्यांना ज्ञान झालं आहे याबद्दल दोन जिल्ह्यांत दुमत नव्हतं. त्याआधी ते पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होते. ज्ञान झाल्यावरही दोन वर्षं होते, कारण राजीनामा द्यावा असं त्यांना कुणी सुचवलं नाही.

पहिल्या दिवशी गुडघा बासष्ट अंशांवर अडला.

"घरी कोण कोण?" गुरुजींनी विचारलं.

"सासरे."

"आणखी?"

"आणखी कुणी नाही. मिस्टर गेले. दहा महिने झाले."

आता आत्मा अमर आहे हे येणार, म्हणून बाई तयारीत राहिल्या. आजवर चाळीसएक जणांनी ते ऐकवलं होतं, त्यात एक वीज मीटर बघायला आलेला होता.

"सासरे काय करायचे?"

"कंडक्टर होते. नऊ नंबरच्या बसवर."

"काय सांगता. मी सोळा वर्षं नऊ नंबरनंच कचेरीत गेलो." गुरुजी उशीवरून अर्धे उठले. "विचारा बरं त्यांना, तिकीट गुलाबी होतं ना?"

विचारा म्हणणं सोपं होतं. घरी दहा महिन्यांत सुनेचं आणि सासऱ्यांचं जे काही बोलणं झालं होतं, ते ‘वाढलंय’, ‘जेवलो’ आणि ‘दिवा घालवू का’ यांत संपत होतं. भांडण मुळीच नव्हतं. पण कुठलंही बोलणं काढा, चार वाक्यांत ते गेलेल्याच्या दाराशी जाऊन उभं राहायचं. समोरच्याला रडू येईल म्हणून दोघांनी तो रस्ताच टाळला, आणि गावातले सगळे रस्ते तिकडूनच जातात हे त्यांना उशिरा कळलं.

नणंदेनं अखेर फोनवर सांगून टाकलं होतं : "वहिनी, तुमच्या घराची वेटिंग रूम झालीय. महिनाअखेरच्या रविवारी येते आणि बाबांना घेऊन जाते. तुलाही जरा मोकळं होईल." बाईंना मोकळं व्हायचं नव्हतं. बाबा गेले तर त्या घरात परतायचं तरी कशासाठी, हे त्यांना समजत नव्हतं. पण राहा म्हणायला तोंड उघडेना. सासरे लेकीला "बघू" म्हणाले होते, आणि त्या घरात बाबांच्या ‘बघू’चा अर्थ चाळीस वर्षं ‘हो’ असाच होत आला होता.

त्या संध्याकाळी जेवताना बाईंनी गुरुजींचा प्रश्न पुढे केला.

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "गुलाबी?" ते म्हणाले. "गुलाबी सात नंबरची. नऊची पिवळी. सांग त्यांना."

बाईंनी सांगितलं. गुरुजी ऐकेनात. "पिवळी नंतर आली. आधी गुलाबीच. कंडक्टरसाहेबांना म्हणावं, वय झालं."

"वय झालं?" सासरे त्या रात्री ताटावरून उठून पुन्हा बसले. "नऊ लाख वेळा हाताळलंय मी ते तिकीट. चष्मा तपासून घ्या म्हणावं त्यांना. आणि काय गं, पुलाजवळ धावत चढणारा तो बारकासा कारकून, तोच का हा? सुट्टे कधी नसायचे याच्याकडे."

असं ते चाललं. बाई निरोप्या झाल्या. गुडघा पंचाऐंशीवर आला तेव्हा वाद तिकिटावरून बसच्या घंटीवर गेला होता, शंभरीला पोचला तेव्हा पुलाजवळचा थांबा मुळात कुणी हलवला यावर. चिटणिसांची एक वही भरली. ‘पिवळे म्हणजे वैराग्य?’ असं त्यांनी समासात लिहिलं होतं.

अकराव्या दिवशी बाईंना राहवेना. "गुरुजी, तुम्हाला एवढं सगळं उमगलेलं. मग तुम्हाला ही किरकोळ बोलणी कशाला हवीत?"

"गुडघा वाकवताना तुम्ही कशाला बोलता?"

"दुखण्याकडे बघत बसला की पेशंट पाय ताठ धरतो म्हणून. पण तुम्हाला कुठे दुखतंय? हूं की चूं करत नाही तुम्ही."

"कोण म्हणतं? मरणाचं दुखतंय." गुरुजींनी आवाज खाली आणला. "ओरडलो तर हा लिहून घेईल."

चिटणीस दारात पेन धरून उभे होते. त्यांनी पेन खिशात ठेवलं.

"लोक येतात माझ्याकडे," गुरुजी म्हणाले, "मी काही मोठं बोललो की माणूस लगेच ताठ बसतो, मान हलवतो, आणि आला तसाच परत जातो. लिफ्टचं विचारलं की सैल होतो बिचारा. मलाही बरं वाटतं. नुसतं ज्ञान घेऊन दिवसभर करायचं काय, बाई?"

बाराव्या दिवशी गुडघा एकशे बारा अंश वाकला. काम संपलं. गुरुजी स्वतःच्या पायांनी दारापर्यंत आले आणि, का कोण जाणे, त्यांनी काहीच विचारलं नाही. फक्त म्हणाले, "जपून जा. लिफ्ट आज बंदच आहे."

शनिवार होता; उद्या नणंद यायची होती. घरी सासरे आधीच टेबलाशी येऊन बसले होते. "काय म्हणतोय तुझा कारकून?"

"काही नाही, बाबा. आज शेवटचा दिवस होता."

"अच्छा," ते म्हणाले, आणि ताटाकडे बघू लागले.

बाईंनी वाढलं. ‘वाढलंय’ म्हणायचं तोंडावर आलं होतं. त्याऐवजी त्यांनी विचारलं, "बाबा, शाळेला सुट्टी असली की हे तुमच्या बसमध्ये यायचे ना? कुठे बसायचे?"

सासऱ्यांनी उचललेला घास परत ताटात ठेवला. बाईंना वाटलं, चुकलंच.

"बसायचा कुठे," सासरे म्हणाले. "जागा रिकामी असली तरी बसायचा नाही. माझ्या मागं उभा. मी म्हणालो ‘पुढे सरका’ की हाही म्हणायचा. माणसं माझं ऐकायची नाहीत, त्याचं ऐकायची." ते हसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही. बाईंनीही स्वतःचं पुसलं नाही. जेवण चालू राहिलं.

फोन वाजला. नणंदेचा होता. सासऱ्यांनीच उचलला.

"हां, बोल. उद्या ये ना. जेवायलाच ये. सामान? सामान नाही भरलं. नाही गं, तसं काही नाही. आमचं बोलणं अर्धं राहिलंय, ते झालं की बघू. नाही, हे ‘बघू’ ते नव्हे." मग बाईंकडे वळून म्हणाले, "केवढा असेल तेव्हा? एवढा."

फोन कानाशी धरून त्यांनी दुसरा हात जमिनीपासून तीनेक फुटांवर आडवा धरला. पलीकडून लेक बरंच काही बोलत होती. ते हूं हूं म्हणत होते, आणि हात तसाच होता, खाली कुणाचं तरी डोकं असल्यासारखा.