कायम अडथळा, साडेतीन फूट

वस्तीतल्या कुठल्या छपरावर किती ऊन पडतं, याचा कागद घरोघरी आला, तेव्हा त्याच्या गच्चीला सहा सौर पॅनेल मंजूर झाली होती आणि शेजारच्या शिंप्याच्या गच्चीला आठ. भिंतीला भिंत, गच्चीला गच्ची, वर सूर्य एकच. मग दोन पॅनेल गेली कुठं?

"अहो घुबडराव," शिंपी कठड्यावर कोपर टेकून म्हणाला, "एकतीस वर्षं तुम्ही दिवसाढवळ्या झोपलात. सूर्याला तुमची ओळखच पटली नसेल."

घुबड हे नाव शिंप्यानंच पाडलेलं. वीज उपकेंद्रात याची कायम रातपाळी. साऱ्या वस्तीचे दिवे याच्या हाती, आणि वस्तीनं डोळे उघडले की हा डोक्यावरून पांघरूण ओढणार. आता नोकरी संपली होती. बायको जाऊनही सात महिने झाले होते, आणि त्या सात महिन्यांत भांडायला मिळालेलं हे पहिलंच काहीतरी होतं. त्यानं कागद चष्मा लावून, चष्मा काढून, दोन्ही तऱ्हांनी वाचला. कारण छापलेलं होतं: ‘आग्नेय कोपरा. कायम अडथळा, एक. उंची साडेतीन फूट.’

तो वर जाऊन पाहून आला. कोपरा मोकळा, नुकताच झाडलेला. टाकी तर दुसऱ्या टोकाला. साडेतीन फुटांचं तिथं मांजरही कधी बसलं नव्हतं. त्यानं त्याच दुपारी हरकतीचा अर्ज केला.

चार दिवसांनी सकाळी मोजणीवाली आली. खांद्याला टेप, काखेत टॅबलेट, मुलीच्या वयाची.

"आज पाचला यादी बंद होते, काका. अडथळा नसेल तर आत्ताच खोडते. आठ मिळतील तुम्हाला."

"मिळतील म्हणजे? माझीच आहेत ती."

ती हसली. टेप पसरून कोपरा मोजला, वाकून, उभं राहून पाहिलं. काहीच नव्हतं.

"खरंच की. उन्हाचा सगळ्यात भारी कोपरा हा, आणि नेमका हाच अडवून ठेवलाय."

"पण तुमच्या मशीनला दिसलं काय?"

"फोटोच बघू ना." ती कठड्याला टेकली आणि बोट फिरवत सांगू लागली. "गेल्याच्या गेल्या थंडीत विमान फिरलं होतं. एकाच दिवशी प्रत्येक छपराचे तीन फोटो. साडेनऊ, साडेबारा, साडेतीन. सावली कुठून कुठं जाते ते कळायला. आता माणसं, कपडे, कबुतरं ही हलती. एका फोटोत असतात, दुसऱ्यात नसतात. ती प्रोग्राम सोडून देतो. पण तिन्ही फोटोंत एकाच जागी काही दिसलं, तर ते कायमचं धरतो. टाकी, खांब, धुराडं असं काही."

पहिला फोटो उघडला. गच्ची वरून हातरुमालाएवढी. कोपऱ्यात एक तांबडा ठिपका, आणि त्याची सावली पार टाकीकडे लांबलेली. दुसऱ्यात सावली पायाशी गोळा झालेली. तिसऱ्यात ती फिरून दुसऱ्या बाजूला निघाली होती. ठिपका मात्र तिथंच.

मोजणीवालीनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. पालथी बादली. बादलीवर तांबडी शाल. शालीतून बाहेर आलेलं डोकं.

"अगंबाई, माणूस आहे की हा! दिवसभर एका जागी? कोण हे, काका?"

शाल त्यानं पहिल्याच फोटोत ओळखली होती. तिच्या दोन्ही टोकांना बायकोनं स्वतः ठिगळं लावली होती. ती काही इतक्या वरून दिसत नव्हती, पण त्याला दिसली.

"तारीख काय होती?" त्यानं विचारलं.

मोजणीवालीनं सांगितली. त्याच्या नोकरीचं शेवटचं वर्ष. त्या वेळी तो सकाळी साडेसातला घरी यायचा, जेवायचा, साडेआठला आडवा व्हायचा आणि चारला उठायचा. डोळे उघडले की बायको समोर, हातात चहाचा कप. एकतीस वर्षं त्याला वाटत आलं, ती दिवसभर तिथंच असते, भिंतीपलीकडे.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिच्या हातून झाकण पडलं होतं. तो उठून बसला. ओरडला नाही, ओरडणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. एवढंच म्हणाला, "रात्री माझा डोळा लागला ना, तर अख्खी वस्ती अंधारात जाईल." तिनं झाकण उचललं आणि त्याचा नाद थांबेपर्यंत छातीशी दाबून धरलं. त्यानंतर झाकण पडलं नाही, दार वाजलं नाही, नळ गळला नाही. उपकेंद्रात तो कौतुकानं सांगायचा, "आमच्याकडे दिवसा टाचणी पडली तर ऐकू येईल. आणि पडतच नाही."

निवृत्तीनंतर दोघांना उजेडातले चार महिने मिळाले. ती घरात चवड्यांवरच चालायची, कुजबुजतच बोलायची. "आता कोण झोपलंय?" तो म्हणायचा, "बोल की मोठ्यानं." ती म्हणायची, "मोडत नाही हो सवय." हेही कुजबुजूनच. मग दोघं हसायचे; त्याचं हसू ऐकू यायचं, तिचं दिसायचं.

"वहिनी ना त्या?" कठड्यापलीकडून शिंप्यानं मान लांब केली होती. "रोज बसायच्या. उन्हाळ्यात टाकीच्या सावलीला, थंडीत इथं."

"रोज?"

"तुम्हाला ठाऊक नव्हतं?" शिंप्याचा आवाज खाली आला. "मला वाटलं... माझं मशीन फार खडखडलं की नुसतं ओठांवर बोट ठेवायच्या. मग मी हातशिलाई काढून बसायचो."

"काय करायची ती इथं?"

"काही नाही. बसायच्या."

शिंपी कठड्यावरून मागं सरला.

मोजणीवालीनं टॅबलेट पुढं धरला. "काका, एवढं वाचून खाली बोटानं सही करा. मग मी खोडते."

त्यानं वाचलं. ‘वरील अडथळा कायमचा काढून टाकण्यात आला आहे.’

बोट काचेपर्यंत गेलं. काच बोटाखाली थंड लागली. त्यानं बोट मागं घेतलं.

"दुसरं काही लिहिता येत नाही?"

"‘वापरातील जागा’ असा एक रकाना आहे. पण मग तिथं पॅनेल नाही बसणार. सहावरच भागवावं लागेल."

"भागवू."

ती खाली बघून रकाना भरू लागली. "किती माणसं वापरतात?"

"एक."

"किती ते किती?"

"साडेआठ ते चार."

तिचं बोट थांबलं. "काका, आत्ताचं विचारतेय मी."

"आत्ताचंच सांगतोय, पोरी."

तिनं लिहून घेतलं. सही झाली. जिना उतरताना तीही, का कोण जाणे, पाय न वाजवता उतरली. शिंपी केव्हाच आत गेला होता.

त्यानं न्हाणीघरातली बादली वर आणली, कोपऱ्यात पालथी घातली आणि बसला. दहा वाजून गेले होते. ऊन मानेवर आलं. इथून घरातलं काय ऐकू येतं, म्हणून त्यानं कान दिला. खाली काहीच नव्हतं. थोड्या वेळानं पायाला मुंग्या आल्या, पण हललं की बादली करकरायची, म्हणून तो तसाच बसून राहिला.