गरम झाल्यावरच गळायचं

मला कोणी शिव्या घातल्या तर मी ऐकून घेतो, पण माझ्या इंजिनाला कोणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. नानजी शेठने तेच केलं, तेही शिवडी बंदरावर, चार खलाशांसमोर.

"कुशाबा, तू म्हातारा झाला. महिन्यात दोनदा बेरिंग तापून आगबोट भरसमुद्रात बंद पडली. आता तिसऱ्यांदा पडली तर नोकरी जाईलच, वर साहेबाला लिहून तुझा परवानाही रद्द करवीन."

परवाना! म्हणजे काय खेळ वाटला का? वयाच्या चाळिशीत पाटीवर अक्षरं गिरवून, साहेबापुढे लटलटत उभा राहून मी इंजिन चालवायचा परवाना मिळवला होता. तो गेला की जन्मभर कोळसा ओढणं आलं.

शेठची आगबोट लहानशी आणि जुनाट, शिवडीहून पलीकडे मोरा बंदराला माणसं न्यायची. इंजिनावर एक पितळी तेलपेटी, तिच्यातून तांब्याच्या नळीने थेंब थेंब तेल बेरिंगला पोचायचं. तेल नाही पोचलं की बेरिंग तापणार, हे शेंबडं पोरही सांगेल. पण तेल जात होतं कुठे? रोज सकाळी मी पेटी भरायचो, नळीवरून बोट फिरवायचो, तर ती कोरडी ठणठणीत. आणि अर्ध्या वाटेवर बघावं तर पेटी रिकामी, तेल तळातल्या पाण्यावर तरंगतंय.

दत्तू माझ्या हाताखाली तेल घालायला होता. दत्तू म्हणजे माझा मेहुणा, आमच्या तुळसाचा धाकटा भाऊ. कोकणातून आला तेव्हा नाकावरची माशी उडत नव्हती त्याच्या. घोडपदेवच्या आमच्या एका खोलीत चार वर्षं जेवला. मीच त्याला इंजिन शिकवलं, आणि दोन महिन्यांपूर्वी त्यालाही परवाना मिळाला तेव्हा चाळभर पेढे वाटले. "भावोजी, आता तुमच्यानं होत नाही," असं तो हल्ली हसत म्हणायचा. मीही हसायचो.

शेवटी एका रविवारी, दत्तू घरी असताना, मी आगबोट धक्क्याला बांधूनच पेटवली. नळी, पेटी, सांधे, सगळं सोड्याच्या पाण्याने धुऊन पुसलं आणि वरून पांढरी पूड भुरभुरवायची ठरवली. एका खलाशाने रांगोळी आणून दिली. मी त्याला हाकललंच. अरे, रांगोळी दगडाची, चुकून आत गेली तर बेरिंग खाऊन टाकेल! तांदळाचं पीठ आणवलं. पांढऱ्यावर तेलाचा पहिला ठिपका लगेच दिसतो.

इंजिन थंड होतं तोवर पीठ कोरडं. तासाभराने वाफ चढली, नळी हाताला चटका देऊ लागली, आणि सिलिंडरजवळच्या वळणावर पिठात एक पिवळा ठिपका उमटला. बघता बघता धार लागली. "सापडलीस, भवाने!" मी ओरडलोच.

आग विझवून बघतो तर वळणाच्या खालच्या अंगाला मोहरीएवढं भोक. झिजून पडलेलं नव्हे. खिळ्याने पाडलेलं, कडा आत वळलेल्या. कडेला काहीतरी तांबूस चिकटलं होतं. आधी वाटलं, सांध्यांना लावतो तो शेंदूर असेल. पण शेंदूर सुकून दगड होतो, आणि हे बोटावर विरघळत होतं. मेण होतं ते! थंड असताना भोक बुजवणारं, तापलं की वितळून जाणारं. म्हणजे कोणीतरी रोज संध्याकाळी इंजिन निवल्यावर, माझ्यामागे थांबून ते नव्याने भरत होतं. बोट नाकाशी नेलं. हळदीचा वास आला. कुंकू.

बायका कपाळाला आधी मेण लावतात आणि त्यावर कुंकू टेकतात. तेच बोट पुन्हा मेणाला लागतं, म्हणून घरोघरचं मेण असं तांबूस होतं. बोटीवर तर बाई नाही. माझ्यामागे बोटीवर थांबणारा एकच होता, आणि तो माझ्याच घरी परतत होता. मी नळीचा तेवढा तुकडा कापला, आणि नवा तुकडा पितळेचा डाख देऊन बसवला. हात कामाला लावले नसते तर त्या हातांनी काय केलं असतं, देव जाणे.

संध्याकाळी घरी गेलो. दत्तू बाहेर गेला होता, तुळसा भाकऱ्या थापत होती. मी फळीवरचा तिचा करंडा उघडला. मेण पार तळापर्यंत उकरलेलं.

"दत्तूने चोरून नेलं ना?" मी विचारलं.

"चोरून कशाला? मीच देत होते."

"कशासाठी, ते ठाऊक होतं?"

"होतं." मग एकदम रडायलाच लागली. "परवाना असून तो तेलच घालतोय. मुलीकडचे लग्नाला थांबायला तयार नाहीत, तुमची जागा त्याला मिळाली असती तर झालं असतं. आणि तुमच्या हाताला गुण आहे, तुम्हाला कुठेही काम मिळेल! शेठ परवान्यावर उठेल, हे आम्हांला काय ठाऊक?"

आम्हांला! वीस वर्षांच्या संसारात आम्ही म्हणजे ती नि मी, असं धरून चाललो होतो मी गाढव.

"त्याचं नाव घेऊ नका हो," तिने माझे पाय धरले. "चूक माझीच होती, असं सांगा शेठला. एवढं माझ्यासाठी करा."

वा! माझाच गळा कापायचा आणि सुरीही मीच धुऊन ठेवायची! मी त्या दिवशी जेवलो नाही.

सकाळी शेठला बोटीवर बोलावून नळीचा तुकडा दाखवला, भोक दाखवलं, मेण दाखवलं. "हे कोणाचं काम?" शेठने विचारलं. मी दत्तूकडे बोट केलं.

दत्तू जरासुद्धा डगमगला नाही. "माझ्या ताईला बोलवा. ती शपथेवर सांगेल, मी यातलं काही केलं नाही." केवढा तो विश्वास! कालपर्यंत माझाही होता.

"तिनेच तुझं नाव सांगितलं," मी म्हणालो.

साफ खोटं. पण त्याचा चेहरा राखेसारखा झाला. "ताईनं? ताईनं सांगितलं?" असं दोनदा म्हणाला, आणि शेठने हाकलायच्या आतच खाली मान घालून धक्क्यावर उतरला. त्यानंतर तो आमच्या घरी आला नाही. बाजारात बहीण समोर दिसली तरी रस्ता ओलांडून जातो म्हणे.

तुळसा अजून त्याच्या वाटणीची भाकरी टाकते. "तुमच्यावर रागावला ते समजतं," ती मला विचारते, "पण माझ्याशी का बोलत नाही हो तो?"

"मला काय ठाऊक," मी म्हणतो, आणि ताट पुढे ओढतो.