बाई आली तेव्हा पेपर चालू होता

वर्षा माझी सून. माझा शाम वणीला कोळशाच्या ट्रकवर असतो आणि ही आर्णीच्या एका पतसंस्थेत नोकरी करून घरबसल्या एम.कॉम. करत होती, फायनान्स घेऊन. कॉलेज नाही, मास्तर नाही. पुस्तकं पोस्टाने यायची आणि भाकरी थापताना मोबाइलवर लेक्चर चालायचं. कधी मलाही समजावायची.

"आई, आज हाती आलेला रुपया आन् दोन वर्सानं येनारा रुपया सारखा नसते."

"हे सांगाले एवढं मोठं पुस्तक लागते काय वो?" मी म्हणायची, आणि आम्ही दोघी हसायचो.

त्या दिवशी मात्र घरात कुणी हसत नव्हतं. शेवटचा पेपर होता. मागच्या वर्षी तो राहिला, कारण माझा पाय मोडला आणि परीक्षेच्या वेळी ती दवाखान्यात माझ्या उशाशी बसली होती. आता विद्यापीठाची मुदत संपत आली होती. हा पेपर गेला असता तर आधी पास झालेले सगळेच वाया जाणार होते.

परीक्षा घरीच, लॅपटॉपसमोर. कॅमेरा बघणार, माइक ऐकणार. दुसऱ्या माणसाचा आवाज आला तर एकदा ताकीद, पुन्हा आला की पेपर बंद. आमच्या तांड्यावर नेटवर्क येतं ते फक्त रस्त्याकडच्या खोलीत, म्हणून बसणंही तिथेच.

मी सकाळीच कोंबड्या डालग्याखाली झाकल्या, शेळी दूर बांधली आणि ह्यांना वावरात पाठवलं.

"खोकला आला तं काय करू?" हे दारात अडून म्हणाले.

"कपाशीत जाऊन खोका."

मग मी ओट्यावर राखण बसले. पेपर सुरू होऊन थोडा वेळ गेला असेल, तोच भाजीवाल्याचा टेम्पो भोंगा वाजवत वळणावर आला. मी काठी टेकत धावले, हात हलवले, पण "आलू घ्या, कांदे घ्या" घरापर्यंत जाऊन पोचलंच. परत येऊन खिडकीतून पाहिलं. वर्षाने मान न वळवता एक बोट वर केलं. एक ताकीद झाली होती.

 आणि तेवढ्यात एक मोटरसायकल दारात उभी राहिली. पुढे माझा भाचा राजकुमार, मागे माझी थोरली बहीण बसंतीबाई, आम्ही तिला नुसतं बाईच म्हणतो. फोन करून यायची तिची रीतच नाही. मेव्हणे वारल्यानंतर आम्ही भेटलो नव्हतो. माझा पाय प्लास्टरमध्ये होता, तेव्हाच ते गेले.

आम्हा गोरबंजाऱ्यांत बाया फार दिवसांनी भेटल्या की आधी गळ्यात पडून रडतात. लग्नात नवरी ढावलो, म्हणजे निरोपाचं रडगाणं, म्हणते त्याच सुरात, मोठ्याने, मधल्या काळात काय काय झालं ते सांगत. आमची आजी म्हणायची, बैलांवर मीठ लादून तांडे फिरायचे तेव्हा वाटेत बहिणी एक-दोन वर्षांनी एकदा भेटत. तेवढ्या वेळात हेच बोलणं आणि हेच रडणं. न रडता कुणी नुसतं "ये, बस" म्हटलं, तर नातं तोडलं असा त्याचा अर्थ. आणि इथे तर बाई विधवा होऊन पहिल्यांदा माझ्या दारात आली होती.

तिने पिशवी खाली टाकली, दोन्ही हात पसरले आणि छाती भरून श्वास घेतला.

मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

 मी तिला ओढत गोठ्यामागे नेलं आणि कानाशी कुजबुजले, "बाई, आत सुनेची परीक्षा चालू हाये. आवाज गेला तं सारं बुडते. थोडं थांब. मंग रडू."

"मंग?" तिने माझा हात झटकला. तरी आवाज तिने खालीच ठेवला, एवढं मात्र खरं. "रडनं का पाहुनचार हाये, मंग कराले? माहा मानूस गेला, तू आली नाई. आता मी आली तं तोंड दाबतं माहं?"

"माहा पाय..."

"राहू दे."

ती गोठ्याच्या खांबाला टेकून बसली आणि तोंड फिरवून घेतलं. राजकुमार बिचारा गाडीचा आरसा पुसत राहिला. मी एकदा खिडकीकडे बघायची, एकदा बाईच्या पाठीकडे. पाठ हलत नव्हती. आजचं आणि उद्याचं सारखं नसतं, हे मला त्या पाठीने जसं सांगितलं तसं वर्षाच्या पुस्तकाने कधी सांगितलं नव्हतं.

शेवटी दार उघडलं. वर्षा घामाने भिजली होती. "झाला जमा," ती म्हणाली. मी बाईजवळ गेले, गळ्यात हात टाकला. ती दगडासारखी बसून होती.

"आता नाई येत मले," ती म्हणाली. "राजकुमार, गाडी काढ."

वर्षाने ते ऐकलं. यवतमाळात वाढलेली पोर, तिला आमचं रडणं कधी जमलं नाही, लाजायची. ती सरळ येऊन बाईच्या पुढ्यात बसली, गळ्यात पडली आणि वाकड्यातिकड्या सुरात सुरू झाली. "मावशी वो, आईचा पाय मोडला, मी दवाखान्यात होती वो, आईले येता नाई आलं, मावसाजी गेले वो..."

बाईने मान वळवली. मग म्हणाली, "असं नसते, पोरी. नाव घेऊन रडा लागते. नाई तं गेलेल्याले कसं समजन?"

वर्षा थांबली. "काय नाव होतं वो मावसाजीचं?"

मी सांगणार होते. पण बाईच बोलली.

"हिरासिंग."

साऱ्या संसारात तिने ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. काढलं आणि तिथेच तिचा बांध फुटला. तिने वर्षाला एका हाताने धरलं, दुसऱ्याने मला ओढलं, आणि जो सूर लागला तो तांड्याच्या टोकापर्यंत गेला. बाया दारांत आल्या. वावरातून हे धोतर सावरत धावत आले.

"काय झालं? कोन गेलं?"

"कोनी नाई," मी रडता रडता म्हटलं. "बाई आली."